मंडियन धर्मात सूर्य नेमका कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडियन लोकांबद्दल लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते सूर्याबद्दल. "हे लोक सूर्यपूजक ना?" इथपासून ते "सिडनीत ध्रुवतारा दिसतच नाही, मग तिथे काय करतात?" इथपर्यंत. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी आणले. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. मंडियन म्हणजे कोण? मी तर नावच पहिल्यांदा ऐकतोय.

दक्षिण इराक आणि त्याला लागून असलेला इराणचा खुझिस्तान, इथला हा एक छोटा पण खूप जुना धर्म आहे. अमारा, नासिरिया, सूक अल-शुयूख, बसरा, अहवाझ अशी नदीकाठची गावं त्यांची, कारण वाहत्या पाण्यात उतरून घ्यायचं धार्मिक स्नान, मस्बुता, हाच धर्माचा गाभा आणि ते आयुष्यात एकदाच नाही तर पुन्हा पुन्हा घ्यायचं. अशा वाहत्या पाण्याला ते यर्दना म्हणतात. बाप्तिस्मा देणारा योहान, त्यांच्या भाषेत याह्या, हा त्यांचा फार मोठा गुरू, येशूला मात्र मानत नाहीत. भाषा मंडाइक, म्हणजे अरामी घराण्यातली, आणि लिपी स्वतःची. मुख्य ग्रंथ गिंझा रब्बा. धंदे पिढीजात, चांदीकाम आणि होड्या बांधणं. जगभरात मिळून साठ हजार ते एक लाख असतील असा अंदाज सांगतात आणि २००३ नंतर इराकमध्ये जे झालं त्यात बहुतेकांना देश सोडावा लागला, आता ते ऑस्ट्रेलिया, स्वीडन, अमेरिका, नेदरलँड्समध्ये पसरलेत. बाहेरच्याला धर्मांतर करून मंडियन होता येत नाही, जन्मानेच व्हावं लागतं.

२. थोडक्यात सांगा, ते सूर्याची पूजा करतात की नाही?

नाही, अजिबात करत नाहीत. गिंझा रब्बामध्ये सूर्य-चंद्राची पूजा करू नका असं स्पष्ट बजावलंय. ते एकाच परमतत्त्वाला मानतात, त्याचं नाव हय्यी रब्बी, म्हणजे महान जीवन, आणि ते तत्त्व राहतं उजेडाच्या जगात, जे आपल्या आकाशाच्या, सूर्याच्या, सगळ्याच्या पलीकडे आहे. सूर्यपूजक हा शिक्का कुठून लागला ते प्रश्न १६ मध्ये सविस्तर लिहिलंय. तो शिक्का साधा गैरसमज म्हणून सोडून द्यायचा नाही, त्यामुळे या लोकांनी शतकानुशतकं भोगलंय.

३. मग सूर्य त्यांच्या धर्मात आहे तरी कोण?

त्याचं नाव शामिश. तो 'सातां'पैकी एक. हे सात म्हणजे डोळ्यांनी दिसणारे सात फिरते ग्रह, जुन्या हिशोबाने: शामिश सूर्य, सीन चंद्र, नबू बुध, लिबात शुक्र, निरिग मंगळ, बेल गुरू आणि किवान शनी. पृथ्वी यात धरत नाहीत, पृथ्वी म्हणजे तिबिल, ती या सातांच्या पहाऱ्यात अडकलेली जागा. साताच्या जोडीला 'बारा' येतात, त्या बारा राशी. मंडियन ग्रंथात 'सात आणि बारा' हे शब्द आले की समजायचं, माणसाच्या आत्म्याला इथेच गुंतवून ठेवणाऱ्या शक्तींबद्दल बोलणं चाललंय. म्हणजे सूर्य हा देव नाही, तो या जगाच्या पहारेकऱ्यांमधला एक. आणि पहारेकरी म्हटलं की तो पूर्ण दुष्टच असं पण नाही, तेच पुढे येतंय.

४. पण उजेड तर सूर्यच देतो ना? उजेडाला पवित्र मानणारा धर्म सूर्याला खाली कसा ढकलतो?

हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, खरं सांगायचं तर सगळा मुद्दा इथेच आहे.

मंडियन विचारात उजेड आणि उजेड देणारी वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरा उजेड, नहुरा, आणि त्याच्या सोबतचं तेज, झिवा, हे उजेडाच्या जगाचे. तिथे सूर्य नाही कारण सूर्याची गरजच नाही, तिथलं सगळं स्वतःहून उजळ, तिथे मावळत नाही, अंधार पडत नाही, सावली पडत नाही. आपल्या तिबिलवर जो उजेड पोचतो तो त्याचा अगदी थोडा अंश आणि सूर्य तो फक्त इथे पोचवतो. गिंझामध्ये सूर्य-चंद्राची स्तुती करू नका असं जिथे सांगितलंय तिथे कारणही हेच आहे, की त्यांचं तेज त्यांचं स्वतःचं नाही, या जगात उजेड पडावा म्हणून ते त्यांना दिलं गेलंय.

आता गंमत अशी की गिंझात सूर्याबद्दल दोन सूर ऐकू येतात आणि ते एकमेकांत नीट बसत नाहीत. एका ठिकाणी निर्मिती सगळी वरच्या आज्ञेने होते, आकाश पसरतं, तारे तयार होतात, सूर्याला तेज मिळतं, चंद्राला चमक मिळते, म्हणजे सूर्य आज्ञेतला नोकर. दुसऱ्या ठिकाणी तोच सूर्य रूहाचा मुलगा, अंधाराच्या बाजूचा, माणसांना भुलवणारा (ती गोष्ट प्रश्न ५ मध्ये). अभ्यासक म्हणतात गिंझा म्हणजे वेगवेगळ्या काळातल्या लिखाणांचा साठा, म्हणून असं होतं, आणि ते बरोबरच आहे. पण मला वाटतं दोन्ही सुरांमध्ये एक गोष्ट कायम राहते ती म्हणजे उजेड सूर्याच्या मालकीचा नाही. नोकर म्हणा नाहीतर पहारेकरी म्हणा, मालक तो नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

५. रूहा कोण? सूर्य तिचा मुलगा कसा?

रूहा ही अंधाराच्या जगातली मोठी बाई, फार गुंतागुंतीचं पात्र. तिचा मुलगा ऊर, एक प्रचंड राक्षसी सर्प, आणि याच ऊरपासून तिला पुढे सात मुलं होतात आणि मग बारा. ते सात ग्रह आणि त्या बारा राशी. शामिश त्या सातांतला.

यानंतर येतो पताहिल. हा मुळात उजेडाच्या बाजूचा पण खाली आला आणि त्याने ही तिबिल घडवली, काम मात्र अर्धवट झालं आणि सातांनी त्यात हात घातला. आदमचं शरीर बनवायची वेळ आली तेव्हा पताहिल आणि ग्रह सगळे लागले, शरीर झालं पण ते उठेना, पडूनच राहिलं, कारण त्यात प्राण नव्हता. मग वरून, उजेडाच्या जगातून, आत्मा आणून त्यात घातला तेव्हा आदम उभा राहिला. या गोष्टीत सूर्याची जागा अगदी नेमकी कळते, शरीरात ग्रहांचा वाटा आहे पण आत्म्यात नाही. म्हणून ग्रह शरीराला त्रास देऊ शकतात, आयुष्यावर परिणाम करू शकतात पण आत्म्यावर त्यांचा हक्क नाही.

रूहा पूर्ण खलनायिका आहे असं समजू नका, तिच्या स्वतःच्या तोंडी दुःखाची, उजेडाच्या ओढीची वाक्यं पण मंडियन ग्रंथांत येतात. तो विषय मोठा आहे, इथे नको.

६. शामिश म्हणजे बाबिलोनचा शमशच ना?

हो, नाव तेच आहे. बहुतेक नावं जुन्या मेसोपोटेमियन देवांची आहेत, शमश, सीन, नबू, नेर्गल, बेल वगैरे. आणि हे कुठेतरी लांबून उचललेलं नाही, शमशची दोन मोठी देवळं होती त्यातलं एक सिप्पारला आणि दुसरं लार्साला, लार्सा तर आजच्या नासिरियाच्या पट्ट्यातच येतं जिथे मंडियन पिढ्यानपिढ्या राहिले.

बाबिलोनमध्ये शमश हा न्यायाचा देव. हम्मुराबीच्या त्या प्रसिद्ध कायद्याच्या शिळेवर वरच्या बाजूला राजा ज्याच्यासमोर उभा आहे तो शमश. कारण सूर्य सगळं बघतो, त्याच्यापासून काही लपत नाही. मंडियनांनी नाव ठेवलं आणि पद काढून घेतलं. त्यांच्याकडे न्याय सूर्य करत नाही, आत्म्यांचं वजन करायचा तराजू अबातुरकडे आहे आणि तो बसतो उत्तरेला, उजेडाच्या जगाच्या उंबरठ्यावर. मला हा बदल फार मोठा वाटतो. ज्या मातीत दोन-अडीच हजार वर्षं लोक न्यायासाठी सूर्याकडे बघत होते त्याच मातीत एका छोट्या समाजाने सांगितलं की तो तर आपल्यासारखाच या जगातला, न्याय करणारा त्याच्या पलीकडे आहे.

७. सूर्य नावेतून फिरतो असं वाचलं, खरंय का?

खरंय. मंडियन कल्पनेत ग्रह आकाशात नावांमधून प्रवास करतात. नदीकाठी होड्या बांधणारा समाज आहे, आकाशातही त्यांना नावाच दिसल्या यात नवल नाही. दीवान अबातुर नावाची चित्रांची लांब गुंडाळी आहे तिच्यात अशा नावा काढलेल्या आहेत.

ई. एस. ड्रॉवर या इंग्लिश बाई बगदादला राहायच्या, त्यांनी १९२०-३० च्या काळात मंडियन पुजाऱ्यांकडून ऐकून बरंच लिहून ठेवलं, त्यात सूर्याच्या नावेचं वर्णन येतं. नावेत शामिश एकटा नसतो, त्याच्यासोबत तेजाचे दहा जण असतात, नावं जोडीजोडीने येतात, झुहैर-झहरून, बुहैर-बहरून अशी. डोलकाठीवर एक झेंडा, द्रब्शा, आणि जगाला जो उजेड मिळतो तो त्या झेंड्यातून बाहेर पडतो. परत प्रश्न ४ चाच मुद्दा आला बघा, होडी सूर्याची पण उजेड तिच्यावर लावलेल्या झेंड्याचा, आणि सोबत जे बसलेत ते उजेडाच्या बाजूचे, म्हणजे सूर्याला मोकाट सोडलेलं नाही.

८. तो पांढऱ्या कापडाचा क्रॉससारखा झेंडा म्हणजे सूर्याचंच चिन्ह का मग?

नाही. आणि तो ख्रिस्ती क्रॉसही नाही. द्रब्शा म्हणजे ऑलिव्हच्या लाकडाची आडवी-उभी काठी, तिच्यावर पांढरं रेशमी कापड आणि आस नावाच्या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या. मस्बुताच्या वेळी नदीकाठी रोवतात. तो वरच्या उजेडाचं निशाण आहे. सूर्याच्या नावेत द्रब्शा आहे म्हणून द्रब्शा सूर्याचा होत नाही, उलट सूर्याकडे जे चांगलं आहे ते द्रब्शामुळे.

९. सूर्योदयाला उठून नदीवर प्रार्थना करतात, मग ती सूर्यालाच नाही का? आपण अर्घ्य देतो तसं?

नाही, वेळ सूर्याने ठरते पण प्रार्थना त्याला नसते. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी अशा दिवसातून तीन वेळा ब्राखा म्हणजे प्रार्थना करायची, त्याआधी रिशामा, म्हणजे वाहत्या पाण्याने हात, तोंड, कपाळ, कान वगैरे धुवायचं आणि प्रत्येकासोबत ठरलेले शब्द म्हणायचे. आपल्याकडे अर्घ्य देताना ओंजळ सूर्याकडे करतात, पूर्वेला तोंड असतं. मंडियन माणूस त्याच पहाटे, त्याच नदीत, सूर्य उजव्या हाताला ठेवून उत्तरेला तोंड करतो. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पहाट, नदी, ओंजळीतलं पाणी, आणि त्यामुळेच प्रवाशांनी, शेजाऱ्यांनी घोळ घातला. तोंड कुठे आहे तेवढं बघा, म्हणजे कळेल. रात्रीचं काय, ते प्रश्न १३ मध्ये.

१०. उत्तरेलाच का?

उजेडाचं जग उत्तरेला आहे म्हणून. अबातुर तिथे, त्याचा तराजू तिथे, ध्रुवतारा तिथे. सूर्य रोज जागा बदलतो, उगवतो मावळतो, ध्रुव हलत नाही. पूजाघराला मंदी म्हणतात, त्याचं दार दक्षिणेला ठेवतात म्हणजे आत शिरणाऱ्याचं तोंड आपोआप उत्तरेला होतं. माणूस मेल्यावर त्याला पुरतानाही असंच की उठून उभा राहिला तर तोंड उत्तरेला यावं. ध्रुवताऱ्याची पूजा करतात हा आरोपही त्यांच्यावर झालाय, तोही खोटा, ती फक्त दिशा आहे.

११. रविवार त्यांचा पवित्र दिवस आहे. रविवार म्हणजे सूर्याचा वार, मग?

इथे दोन यादी आहेत आणि लोक त्या एकमेकांत मिसळतात. ग्रहांच्या यादीत रविवार शामिशकडे येतो, सोमवार सीनकडे, असा नेहमीचा क्रम. पण रविवार पवित्र आहे तो त्या कारणाने नाही. मंडियनांसाठी रविवार हा हबशब्बा, आणि हबशब्बा ही उजेडाच्या बाजूची स्वतंत्र व्यक्ती आहे, प्रार्थनांमध्ये त्याचं नाव येतं, शुद्ध झालेल्या आत्म्यांना तो पुढे घेऊन जातो. मस्बुता मुख्यतः रविवारी होते ती त्याच्यामुळे.

१२. ग्रह जर वाईट तर मग हे लोक ज्योतिष कसं काय बघतात? हे मला दुटप्पी वाटतं.

बऱ्याच जणांना वाटतं तसं. पण नीट बघा. ज्योतिष त्यांच्याकडे खरंच आहे आणि जोरात आहे, अस्फर मल्वाशिया नावाचा आख्खा ग्रंथ राशींवर आहे, पुजारी तो वापरतात, लग्नाचा किंवा कामाचा दिवस बघतात. जन्मलेल्या मुलाला दोन नावं असतात, एक जगासाठी, दुसरं मल्वाशा, जे जन्माचा महिना, जन्माची वेळ आणि आईचा हिशोब धरून काढतात. आपल्या नावरस नावासारखंच पण एक मोठा फरक, हे नाव आईकडून चालतं. कागदोपत्री माणूस अमक्या बापाचा असेल, पण मस्बुतात आणि मरणानंतरच्या विधीत तो अमक्या आईचाच.

आता दुटप्पीपणाचं. ग्रहांची सत्ता नाकारणं आणि त्यांची पूजा नाकारणं, या दोन वेगळ्या गोष्टी. मंडियन धर्म पहिली नाकारत नाही, या जगात, या शरीरावर सात आणि बारांचा जोर चालतो हे तर त्यांच्या निर्मितीच्या कथेतच आहे (प्रश्न ५). मग ज्याचा जोर आहे तो कधी कुठे असेल हे माहीत असलेलं बरं, एवढाच हिशोब. तुरुंगात असलेला माणूस पहारेकऱ्याच्या ड्युटीची वेळ लक्षात ठेवतो, त्याच्या पाया पडत नाही. ग्रंथात काही ठिकाणी ज्योतिषावरही टीका आहे, म्हणजे ओढाताण त्यांच्यात पण होतीच, ती मी लपवणार नाही.

१३. रात्री प्रार्थना किंवा स्नान का चालत नाही? मग तर दिवस सूर्यामुळेच पवित्र झाला ना?

नेहमीच्या दिवसांत मस्बुता दिवसाउजेडीच करतात, प्रार्थनाही दिवसाच्याच. रात्र म्हणजे अंधाराचा जोर. यातून सूर्याचं महत्त्व वाढतं असं वाटेल पण अपवाद बघितला की खरं कारण कळतं. वर्षात पाच दिवस येतात, परवानाया किंवा पंजा नावाचे, तेव्हा उजेडाच्या जगाची दारं उघडी असतात, दिवसा पण आणि रात्री पण. म्हणून त्या पाच दिवसांत रात्रीही प्रार्थना चालते. सूर्य त्या रात्रीही मावळतोच की! म्हणजे प्रश्न सूर्य आहे की नाही हा नव्हताच, वरचं दार उघडं आहे की नाही हा होता. त्या पाच दिवसांत मरण आलं तर आत्मा अडथळ्याशिवाय वर जातो असं मानतात, गेलेल्यांच्या नावाने भोजनं होतात, नदीवर दिवसभर गर्दी. वर्षातले सगळ्यात उजळ दिवस हेच.

१४. त्यांचं कॅलेंडर सूर्यावर चालतं की चंद्रावर?

सूर्यावर म्हणावं तर हो, पण अर्धवट. ३० दिवसांचे १२ महिने आणि मध्ये ते परवानायाचे ५ दिवस, झाले ३६५. लीप वर्ष नाही. त्यामुळे दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकत सरकत सण ऋतूंमधून फिरतात. सध्या परवानाया मार्चच्या मध्याला येतो आणि नवं वर्ष, दिहबा रब्बा, जुलैच्या मध्याला. नव्या वर्षाला लोक ३६ तास घरातच थांबतात, कारण उजेडाच्या जगातले रक्षक, उथ्रा, त्या वेळी वर गेलेले असतात आणि खाली पहारा नसतो.

महिन्यांना राशींची नावं आहेत, पहिला महिना दौला म्हणजे कुंभ, पण तो येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा सूर्य कुंभेत कुठला असायला. म्हणजे आकाशातला सूर्य एका राशीत आणि कॅलेंडर दुसऱ्याच राशीत, आणि कोणाचं त्यावाचून अडत नाही. सूर्याला देव मानणाऱ्या समाजाने हे असं सरकू दिलं असतं असं मला तरी वाटत नाही.

१५. मेल्यानंतर आत्म्याला सूर्याचा काय त्रास होतो?

मेल्यावर आत्मा तीन दिवस जवळपास रेंगाळतो, तिसऱ्या दिवशी वरच्या वाटेला लागतो आणि हा प्रवास ४५ दिवसांचा. वाटेत मतर्ता लागतात, म्हणजे चौक्या. तिथे ग्रहांचा आणि इतर शक्तींचा पहारा, आणि त्या चौक्यांत जुलमी, खोटारडे, आणि ज्यांनी खोट्या देवांची पूजा केली ते अडकून पडतात. ज्याने आयुष्यभर सूर्याला देव मानलं तो सूर्याच्या पहाऱ्याला उत्तर काय देणार, असा हा विचार.

सुटका कशाने होते तर मस्बुताची खूण, बरोबर म्हटलेली नावं आणि मागे राहिलेल्यांनी केलेला मसिक्ता हा विधी. शेवटी अबातुरचा तराजू. म्हणूनच मंडियन घरात माणूस गेला की पुजारी मिळणं ही जीवनमरणाची गोष्ट असते. १८३१ च्या कॉलऱ्यात जवळपास सगळे पुजारी गेले होते, तेव्हा पुजाऱ्यांच्या घराण्यातल्या याहिया बिहराम आणि राम झिहरून या दोघांनी ही परंपरा पुन्हा उभी केली, नाहीतर आज विचारायला प्रश्नच उरले नसते.

१६. कुराणातले साबियन म्हणजे हेच? आणि ते तर ताऱ्यांची पूजा करायचे ना?

सगळा घोळ इथे आहे म्हणून जरा लांब लिहितो.

कुराणात ज्यू आणि ख्रिस्ती लोकांसोबत साबियन असं नाव तीन ठिकाणी येतं, पण ते कोण हे तिथे सांगितलेलं नाही. दक्षिण इराकमधल्या मंडियनांना अरबी शेजारी सुब्बा म्हणायचे आणि मंडियनांनी साबियन ही ओळख सांगितली, त्यामुळे त्यांना 'ग्रंथवाले' म्हणजे देवाचा ग्रंथ असलेले लोक म्हणून मुस्लिम राज्यात संरक्षण मिळालं. इथपर्यंत ठीक.

पण तिकडे उत्तरेला, आजच्या तुर्कस्तानात हर्रान नावाचं शहर होतं, तिथले लोक खरोखर ग्रहांची पूजा करायचे, चंद्रदेव सीनचं तर ते जुनं ठाणं. बगदादच्या इब्न अन-नदीम या लेखकाने दहाव्या शतकात गोष्ट लिहून ठेवलीय की खलिफा अल-मामून ८३० च्या सुमाराला तिथून जात होता, त्याने विचारलं तुमचा धर्म कोणता, लोकांना उत्तर देता येईना, आणि मग जीव वाचवायला त्यांनी साबियन हे नाव घेतलं. गोष्ट जशीच्या तशी खरी असो नसो, साबियन या एका नावाखाली दोन अगदी वेगळे समाज आले हे खरं. एक ग्रहांना पूजणारा, दुसरा ग्रहांना नाकारणारा. अल-बिरूनी या विद्वानाने हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं की खरे साबियन हर्रानचे नाहीत, ते इराकमधल्या वासित शहराच्या बाजूला राहतात. पण साबियन म्हणजे तारेपूजक हे लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आणि हे पुस्तकी भांडण नाही हो. तारेपूजक ठरलं की ग्रंथवाले राहत नाही आणि ग्रंथवाले राहिलं नाही की कायद्याचं कवच जातं. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेत कलम २ मध्ये मंडियन साबियनांचं नाव घेऊन धर्मस्वातंत्र्य दिलंय. इराणच्या घटनेत मात्र कलम १३ मध्ये फक्त झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती, मंडियन नाहीत. म्हणून कोणी सहज "ते सूर्यपूजक" असं लिहिलं की मला राग येतो.

१७. आणि 'सेंट जॉनचे ख्रिश्चन' म्हणजे पण हेच का?

हेच. १७ व्या शतकात बसऱ्याला आलेल्या कार्मेलाइट या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांना हे योहानाला मानणारे, नदीत स्नान घेणारे लोक भेटले आणि त्यांनी ठरवलं की हे वाट चुकलेले ख्रिस्ती असणार. त्यांना पोर्तुगीजांच्या मुलुखात नेऊन वसवायचे बेतही झाले, म्हणजे ज्या मुलुखाची राजधानी आपलं गोवा होतं. ते ख्रिस्ती नव्हतेच. बाहेरून आलेला प्रत्येक जण त्यांना आपापल्या चौकटीत बसवत गेला, कोणी ख्रिस्ती म्हणालं, कोणी सूर्यपूजक.

१८. गिंझात सूर्याला 'अदोनाय' म्हटलंय असं वाचलं. म्हणजे ज्यूंचा देव सूर्य असं त्यांना म्हणायचंय?

हो, तसं लिहिलेलं आहे, झाकण्यात अर्थ नाही. गिंझाच्या काही भागांत शामिशला अदोनाय म्हटलंय, नबूला ख्रिस्ताशी जोडलंय आणि निरिगला अरबांच्या धर्माशी. म्हणजे आजूबाजूचे सगळे मोठे धर्म सातांपैकी कोणाच्या तरी नादी लागलेत असा युक्तिवाद. हे ग्रंथ इस्लाम नुकताच आलेला असतानाच्या काळापर्यंत घडत होते, तेव्हा या भागात प्रत्येक धर्म दुसऱ्याबद्दल असंच लिहायचा आणि मंडियन त्यात सगळ्यात छोटे, हातात राज्य नाही, सैन्य नाही. याचा अर्थ ज्यू लोक सूर्याची पूजा करतात असा मुळीच होत नाही आणि आजचे मंडियन शेजाऱ्यांकडे असं बघतात असाही नाही. वाचताना वादातलं वाक्य म्हणून वाचा, माहिती म्हणून नको.

१९. ग्रहण लागलं की काय करतात?

अस्फर मल्वाशियामध्ये ग्रहण, गडगडाट, भूकंप अशा गोष्टींवरून शकुन सांगितलेत, राज्याचं काय होईल, पीक कसं येईल वगैरे. ही बाबिलोनपासून चालत आलेली विद्या. सूर्य संकटात आहे, त्याला सोडवा, असा भाव त्यात नाही, का नाही ते प्रश्न १२ वाचलात तर लक्षात येईल.

२०. सिडनीत ध्रुवतारा दिसत नाही आणि दुपारी सूर्य उत्तरेला असतो. मग तिथले मंडियन सूर्याकडेच तोंड करून प्रार्थना करतात की!

ज्यांनी हे विचारलं त्यांचं भूगोल पक्कं आहे. बगदाद साधारण ३३ अंश उत्तरेला, सिडनी जवळपास तेवढंच दक्षिणेला. बगदादला दुपारी उत्तरेला तोंड केलं की सूर्य पाठीमागे राहतो, सिडनीला तो समोर येतो. आणि सिडनीत मंडियन थोडेथोडके नाहीत, हजारोंनी आहेत, नेपियन नदीत मस्बुता होतात, पांढरे कपडे, द्रब्शा, सगळं तसंच.

उत्तर असं की दिशा बदलत नाही. तोंड उत्तरेलाच. ध्रुवतारा क्षितिजाखाली गेला तरी उत्तर तिथेच आहे, कारण मुळात तोंड ताऱ्याकडे नव्हतंच, उजेडाच्या जगाकडे होतं. दुपारच्या प्रार्थनेला समोर सूर्य आला तर तो वाटेत आलाय इतकंच, प्रार्थनेतले शब्द बदलत नाहीत, ते हय्यी रब्बीलाच.

उलटी अडचण स्वीडनमध्ये. तिथे ध्रुवतारा मस्त दिसतो पण डिसेंबरात दिवसच जेमतेम सात तासांचा, दक्षिण स्वीडनमध्ये, आणि मस्बुताला दिवसाचा उजेड पाहिजे, पुजारी मोजके, लोक बरेच आणि पाणी गोठायला आलेलं. त्यामुळे तिथे घरात बांधलेल्या, पाणी वाहतं ठेवलेल्या कुंडाचा आधार घ्यावा लागतो. कुंडातलं पाणी यर्दना म्हणून चालतं का, यावर समाजात खरंच मतभेद आहेत, जुन्या वळणाचे लोक नदीच हवी म्हणतात.